बैलाचे दात आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर

माझी भाची इंजिनिअरिंगला लागली तेव्हा दाजींनी तालुक्याच्या गावातून तिच्यासाठी लॅपटॉप आणला. दुकानदार म्हणाला होता, "नवाच आहे, फक्त खोका उघडलाय." दिवाळीला ती घरी आली आणि बॅटरी पाऊण तासही टिकत नाही म्हणाली. मी लॅपटॉप उलटा केला आणि तळाच्या स्टिकरवरचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. वॉरंटी चार वर्षांपूर्वी सुरू झाली होती आणि संपूनही वर्ष होऊन गेलं होतं. दाजी काहीच बोलले नाहीत. सोयाबीनचे पैसे होते ते.

याच दाजींना बैलबाजारात कुणी फसवू शकत नाही. व्यापारी शिंगं तासून, रंगवून, तेल लावून बैल उभा करतो. दाजी शिंगांकडे पाहतही नाहीत. ते आधी जबडा उघडतात आणि दात मोजतात, कारण दातांवरून बैलाचं वय कळतं: आदत, दुसा, चौसा की जुळलेला. मग बैलाला चालवून बघतात. लॅपटॉपलाही असे दात असतात. ते कुठे असतात हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

जुन्या लॅपटॉपचा प्रश्न आत्ताच का

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करणारे जे अपडेट दरमहा आपोआप येत, ते त्या दिवसापासून बंद झाले. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्षाची मुदत मिळते, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. पुढची विंडोज ११ प्रत्येक जुन्या यंत्रावर चालत नाही. इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप या तिच्या अटी आहेत. मोजके अपवाद सोडले तर सातव्या पिढीपर्यंतची सगळी यंत्रं या अटीत बसत नाहीत.

त्यामुळे जगभरातल्या कंपन्यांनी जुने लॅपटॉप काढून टाकायला घेतले आणि ते बाजारात आले. त्यातच २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅमचे, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीचे, भाव चढले. म्हणजे नवा लॅपटॉप महागतोय आणि जुना ढिगाने आलाय. अशा वेळी चांगला जुना माल स्वस्तात मिळतो. ज्याला कुठेच गिऱ्हाईक नाही तो मालही याच वेळी अनोळखी माणसाच्या गळ्यात घातला जातो.

रिफर्बिश्ड म्हणजे नक्की काय

मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी लॅपटॉप बहुधा भाड्याने किंवा ठरावीक मुदतीसाठी घेतात. तीन-चार वर्षांनी ते शेकड्याने परत जातात. बाजारात याला लीज रिटर्न किंवा कॉर्पोरेट लॉट म्हणतात. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, लेनोवोचे थिंकपॅड ही त्यातली नेहमीची नावं. लॉट घेणारा व्यापारी यंत्र तपासतो, साफ करतो, खराब भाग बदलतो, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतो आणि विकतो. एवढं सगळं झालं असेल तर ते यंत्र रिफर्बिश्ड. यातलं काही न करता फडकं मारून विकलं तर ते नुसतं सेकंड हँड. ओपन बॉक्स म्हणजे कुणीतरी विकत घेऊन खोका उघडला आणि लगेच परत केला असं यंत्र.

रिफर्बिश्डला कमी लेखण्याचं काही कारण नाही. ऑफिसात वापरायचे लॅपटॉप मजबूत बांधलेले असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि उघडून दुरुस्तही करता येतात. नव्या लॅपटॉपांतल्या सगळ्यात स्वस्त यंत्रापेक्षा चांगला राखलेला आठव्या-दहाव्या पिढीचा लॅटिट्यूड विद्यार्थ्याला जास्त उपयोगी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनं यंत्र जुनं म्हणून विकलं तर तो सरळ व्यवहार झाला. दाजींना ते नवं म्हणून विकलं, तक्रार आहे ती त्याची.

"ए ग्रेड", "ए प्लस", "बी" ही अक्षरं प्रत्येक विक्रेता आपापल्या मापाने देतो, आणि ती बहुधा बाहेरच्या रूपाबद्दल असतात. ए ग्रेड म्हणजे ओरखडे कमी. बॅटरीची अवस्था त्यातून कळत नाही.

दात मोजायचे कुठे

प्रत्येक लॅपटॉपला एक सिरीयल नंबर असतो. डेल त्याला सर्व्हिस टॅग म्हणते आणि तो सात अक्षर-अंकांचा असतो. तळाच्या स्टिकरवर हा नंबर छापलेला असतो. डेल, एचपी, लेनोवो, अॅपल या सगळ्यांच्या संकेतस्थळांवर वॉरंटी तपासण्याचं पान आहे. तिथे नंबर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपते आणि मूळ मॉडेल कोणतं हे बहुधा कळतं. कुणाचं लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत.

म्हणून पैसे देण्याआधी, जमलं तर दुकानात जाण्याआधीच, फोनवर विचारा: "सिरीयल नंबरचा फोटो पाठवता का?" प्रामाणिक दुकानदार लगेच पाठवतो. टाळाटाळ झाली तर मी तिथला नाद सोडतो.

पण स्टिकर खरवडता येतो आणि दुसऱ्या यंत्राचाही लावता येतो. म्हणून तोच नंबर यंत्राच्या पोटातही पाहायचा. लॅपटॉप चालू करताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१० आणि थिंकपॅडवर एफ१ हे बटण दाबत राहिलं की बायोस उघडतं. विंडोज सुरू होण्याआधीची, मदरबोर्डवरच (सगळे भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवरच) साठवलेली ही मूळ व्यवस्था. तिथे नंबर लिहिलेला असतो. स्टिकर, बायोस आणि बिल या तिन्ही ठिकाणी एकच नंबर हवा. बायोसमध्ये तो रिकामा किंवा वेगळा दिसला, तर मदरबोर्ड बदललेला असण्याची दाट शक्यता आहे.

एक गोष्ट दुकानदाराच्या बाजूनेही सांगायला हवी. अस्सल नवा लॅपटॉप गोदामात काही महिने पडून राहिला, तर संकेतस्थळावर वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसू शकते, कारण कंपनीने माल धाडल्याची तारीख तिथे असते. अशा वेळी खरेदीचं बिल दाखवून कंपनीकडून ती तारीख दुरुस्त करून घेता येते. दोन-चार महिन्यांच्या फरकावरून कुणाला लबाड ठरवू नका. दोन-चार वर्षांचा फरक मात्र गोदामाने पडत नाही.

आणि खोका पाहा. नव्या मालाच्या खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष आणि उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता छापणं बंधनकारक आहे. कोऱ्या तपकिरी पुठ्ठ्यातून "नवा" लॅपटॉप निघाला तर शंका घ्यायलाच हवी.

"आय७ आहे" एवढ्यावर भुलू नका

दुकानात सगळ्यात जास्त भुरळ याच शब्दाची असते. आय३, आय५, आय७ हा दर्जा झाला. वय त्याच्या पुढच्या अंकांत असतं. आय५-८३५०यू यात आडव्या रेघेनंतरचा पहिला अंक ८, म्हणून आठवी पिढी. आय५-११३५जी७ यात ११, म्हणून अकरावी. आय७-४६००यू म्हणजे चौथी पिढी, म्हणजे फार जुनं यंत्र.

सातव्या पिढीच्या आय७-७६००यूमध्ये दोन कोअर आहेत, म्हणजे काम करणारे दोन हात. आठव्या पिढीच्या आय५-८३५०यूमध्ये चार आहेत. नावाने धाकटा असलेला आय५ इथे थोरल्या आय७ला मागे टाकतो, आणि विंडोज ११ही त्याच्यावरच रीतसर चालते. तरीही कित्येक जण आय७ला जास्त पैसे देऊन येतात. प्रोसेसरचं पूर्ण नाव विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट इथे दिसतं. दुकानदाराच्या चिठ्ठीवरून ते ठरवू नका.

इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर असेल तर लॅपटॉपात साधारण ३००० मालिकेपासून पुढचा लागतो. मॅकबुक घेणाऱ्यांनी इतकंच लक्षात ठेवावं: मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं अॅपलने जाहीर केलं आहे. आता घ्यायचाच तर एम१ किंवा त्यानंतरचा घ्या.

हात फिरवून कळणाऱ्या खुणा

लॅपटॉप उजेडात तिरपा धरा. स्पेसबार आणि टचपॅड गुळगुळीत चकाकत असेल तर वापर बराच झालाय. सगळा कीबोर्ड कोरा आणि टचपॅड झिजलेला, असं असेल तर कीबोर्ड बदललाय. त्यात वाईट काही नाही, पण विचारावं. तळाच्या स्क्रूंची तोंडं घासलेली आहेत का, रबरी पाय गळलेत का, झाकणावर डिंकाचा चौकोनी डाग आहे का हे पाहा. तो डाग बहुधा जुन्या कंपनीच्या मालमत्ता-नोंदीच्या स्टिकरचा असतो. ३च्या बटणावर पौंडाचं चिन्ह असेल तर कीबोर्ड ब्रिटनच्या बाजारातला आहे. क्यूच्या रांगेत वायच्या जागी झेड असेल तर जर्मनीतला.

झाकणावर नवी कोरी पारदर्शक फिल्म किंवा रंगीत स्किन चिकटवलेली असेल तर तिचा कोपरा उचलून पाहू द्या म्हणावं. हीच ती रंगवलेली शिंगं.

सपाट टेबलावर ठेवल्यावर यंत्र डुगडुगतं का आणि टचपॅड वर आलाय का, हे आवर्जून पाहा. बॅटरी फुगल्याची ही लक्षणं आहेत. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. असं यंत्र कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

आता बैल चालवून बघू

मोटारसायकलचं मीटर जसं किलोमीटर सांगतं तसं लॅपटॉपमध्ये दोन ठिकाणी वापर नोंदलेला असतो.

पहिलं ठिकाण बॅटरीचं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी, उघडा. इंग्रजीत पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही अक्षरं सलग लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) द्या आणि तिला चिकटून बॅटरी व रिपोर्ट हे इंग्रजी शब्द जोडून लिहा. एंटर दाबलं की एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला हे स्क्रीनवर दिसतं. त्यात दोन आकडे पाहायचे: डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना बॅटरीत मावणारी वीज, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज मावणारी. ५०,००० आणि ४०,००० असे आकडे असतील तर ८० टक्के शिल्लक आहे, उत्तम. निम्म्यावर आलं असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. नकली बॅटरी खोटे आकडे दाखवू शकते, म्हणून दुकानातच चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहा. अर्ध्या तासात किती टक्के उतरली हे खोटं सांगता येत नाही.

दुसरं ठिकाण डिस्कचं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम डिस्क एकूण किती तास चालू होती ते दाखवतो. ऑफिसात रोज आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर वर्षाला २,००० तास होतात. ८,००० तास दिसले तर साधारण चार वर्षांची नोकरी झालेली आहे. डिस्क नवी टाकली असेल तर आकडा अर्थातच छोटा दिसेल, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. सिरीयल नंबरासोबत ताडून पाहा.

स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावून डाग पाहा. प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह घालून बघा, कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय चालवून बघा. याला दहा मिनिटं लागतात.

विंडोज अस्सल आहे का, तेही कळतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत एस, एल, एम, जी, आर, मग जागा, तिरकी रेघ आणि एक्स, पी, आर लिहून एंटर दाबा. कायमचं अॅक्टिव्हेशन असल्याचं वाक्य आलं तर ठीक. अमुक तारखेला संपेल असं आलं तर ते मोठ्या संस्थांसाठी असलेलं, एका वेळी १८० दिवस चालणारं अॅक्टिव्हेशन आहे. घरगुती गिऱ्हाइकाच्या यंत्रात ते असायला नको.

कुलूप राहिलेला लॅपटॉप

याबद्दल फार थोड्या लोकांना माहीत असतं आणि नुकसान मात्र पूर्ण रकमेचं होतं. कंपन्या आपले लॅपटॉप दुरून ताब्यात ठेवण्यासाठी त्यांची नोंद मायक्रोसॉफ्ट किंवा अॅपलच्या यंत्रणेत करतात. लॉट विकताना ती नोंद काढायची राहिली, तर यंत्र वर्षभर नीट चालतं. एके दिवशी तुम्ही ते रीसेट करता, इंटरनेट जोडता आणि स्क्रीनवर परक्या कंपनीचं नाव आणि तिचा पासवर्ड मागणारी चौकट येते. ते कुलूप रीतसर काढणं फक्त त्या मूळ कंपनीच्या हातात असतं.

उपाय एकच. परतीच्या मुदतीत एकदा संपूर्ण रीसेट करा आणि सुरुवातीच्या मांडणीतच आपल्या मोबाइलचं इंटरनेट जोडा. परकं नाव आलं नाही तर निश्चिंत व्हा. बायोसला पासवर्ड आहे का तेही त्याच वेळी पाहा. असेल तर दुकानदारानेच तो काढून द्यायला हवा.

वॉरंटी म्हणजे कुणाचा शब्द

"एक वर्ष वॉरंटी आहे" हे वाक्य अर्धवट आहे. शब्द कुणी दिला हे त्यात नाही.

कंपनीची वॉरंटी यंत्राच्या नंबराला बांधलेली असते आणि पहिल्या विक्रीच्या आगेमागे सुरू होते. मालक बदलला म्हणून ती नव्याने सुरू होत नाही. उरलेले महिने असतील तर ते संकेतस्थळावर दिसतात. ते तुम्हाला मिळतील का, त्यासाठी मालकी बदलल्याची नोंद लागते का, यंत्र परदेशात विकलं गेलं असेल तर भारतात ती लागू होते का, हे कंपनीच्या ग्राहकसेवेला नंबर सांगून विचारून घ्या.

दुकानाची वॉरंटी हा दुकानदाराचा स्वतःचा शब्द. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. बाजारात तिची निरनिराळी रूपं भेटतात. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे सात-पंधरा दिवस वापरून पाहा, काही निघालं तर या. "सर्व्हिस वॉरंटी" म्हणजे बहुधा मजुरी माफ, पण सुट्या भागाचे पैसे तुमचे. मदरबोर्ड गेला तर तो भागच सगळ्यात महाग असतो, तेव्हा या वॉरंटीचा उपयोग किती ते ध्यानात घ्या. बॅटरी, अडॅप्टर आणि स्क्रीन बऱ्याचदा कुठल्याच वॉरंटीत नसतात.

म्हणून चार प्रश्न विचारा आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या. कोणकोणत्या भागांवर वॉरंटी आहे? भाग बदलावा लागला तर पैसे कोण देणार? दुरुस्तीला किती दिवस, आणि दुरुस्त झालं नाही तर बदली यंत्र की पैसे परत? यंत्र पाठवण्याचा खर्च कुणाचा? बिल पक्कं हवं, त्यावर सिरीयल नंबर हवा आणि "रिफर्बिश्ड" हा शब्दही हवा. शेवटची मागणी ऐकून दुकानदाराला आश्चर्य वाटेल, पण उद्या वाद झाला तर काय विकलं होतं हे त्यावरूनच ठरतं.

तीन महिन्यांची सगळे भाग धरणारी लेखी वॉरंटी मी वर्षभराच्या तोंडी वॉरंटीपेक्षा पसंत करेन.

"ऑनलाइन घेतला तर हे सगळं कसं तपासणार?"

घरी आल्यावर, पण घाईने. पार्सल उघडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा, त्यात सिरीयल नंबर स्पष्ट दिसू द्या. मागणी नोंदवताना शीर्षकातला "रिन्यूड" किंवा "रिफर्बिश्ड" शब्द शोधा. विक्रेत्याचं नाव ब्रँडपेक्षा वेगळं असतं, तेही पाहा. परतीत पैसे मिळतात की फक्त बदली यंत्र, हे आधी वाचा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने परतावा, बदली आणि वॉरंटीची माहिती देणं बंधनकारक आहे. ऑनलाइन बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

"फसवणूक झालीच, तर कोर्टकचेरी कोण करणार?"

दाजींचा पहिला प्रश्न हाच होता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ याबाबतीत बराच स्पष्ट आहे. जुना, दुरुस्त केलेला किंवा नूतनीकरण केलेला माल नवा म्हणून विकणं ही त्याच्या व्याख्येतच अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलाच्या तळाशी "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असलं तरी सदोष मालाबाबत त्याने बिचकू नका.

सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. सगळ्यात मोलाचं म्हणजे तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेतलेल्या लॅपटॉपची तक्रार लातूरकराला लातूरलाच करता येते.

हे संरक्षण व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला आहे. जाहिरात पाहून एखाद्या व्यक्तीकडून तिचा स्वतःचा जुना लॅपटॉप घेतला तर ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा मिळत नाही. तिथे मूळ बिलाची झेरॉक्स आणि पैसे बँकेतून दिल्याची नोंद जपून ठेवणं एवढंच हातात उरतं.

दाजींकडे पक्कं बिल होतं, पण त्यावर नंबर नव्हता. आम्ही संकेतस्थळावरच्या तारखेचं पान छापलं, बॅटरीचा अहवाल जोडला आणि दुकानात गेलो. कायद्यातलं ते कलम वाचून दाखवल्यावर दोन तास बोलणं चाललं. शेवटी त्याने यंत्र परत घेतलं आणि थोडी रक्कम कापून बाकीची दिली. भाचीचा आताचा लॅपटॉपही रिफर्बिश्डच आहे, दहाव्या पिढीचा. या वेळी पैसे देण्याआधी दाजींनी दुकानात तो स्वतः उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि नंबर एकेक अक्षर करून भाचीला वाचून दाखवला.